साईराजचं सुटत नाही

अक्षरा कांबळे मॅडमनी बेळगावच्या त्या कॉलेजात गणिताचं मदत केंद्र सुरू केलं, तेव्हा प्राचार्यांनी एकच अट घातली. पोरं आली पाहिजेत. पोरं सोडून सगळं आलं. फळा आला, खुर्च्या आल्या, निपाणीहून मॅडमच्या आईनं पाठवलेला चिवडासुद्धा आला. बी.एस्सी.ला येऊन गणितावर आपटलेली पोरं वर्गावर्गात होती, पण 'आपल्याला येत नाही' हे चारचौघांत कबूल करून त्या दारातून आत शिरायची कुणाची तयारी नव्हती.

"यारू बरल्ल री, मॅडम?" प्राचार्य खिडकीतून डोकावून कानडीत विचारत, कुणीच येत नाही का? मग कुणीच येत नाही हे स्वतःच बघून घेत आणि म्हणत, "असंच चाललं तर खोली एन.सी.सी.ला द्यावी लागेल हां."

खोली मुळात समुपदेशक बाईंची. त्या सोमवारी यायच्या, गुरुवारी ती मॅडमना मिळायची. दारावर पाटी होती 'मानसिक आरोग्य व समुपदेशन'. मॅडमनी ती मुद्दाम बदलली नाही. गणिताचं नाव वाचून पोरं जिन्यावरूनच परत फिरली असती.

आणि एका गुरुवारी साईराज आला. तोंडाला रुमाल गुंडाळून, मागं बघत बघत.

साईराज नंदगडचा. वडगावला मावशीकडं राहून शिकत होता. रसायनशास्त्र त्याला मनापासून आवडायचं. दहावीनंतर गणिताशी आपला संबंध संपला अशी त्याची समजूत होती. दुसऱ्या वर्षाला उष्णतेच्या धड्यात ते पुन्हा समोर येऊन उभं राहिलं, ते ओळखूच येईना अशा वेशात. चाचणीत त्याला मिळालेले गुण त्यानं घरी सांगितले नव्हते.

त्याला त्या दारातून आत जाताना भावकूनं पाहिलं. भावकू मावशीच्या गल्लीतला रिक्षावाला, कुणाचं तरी सामान आत पोचवायला आला होता. त्यानं पाटी वाचली, रिक्षा वळवली आणि थेट वडगाव गाठलं.

बाळाबाई मावशीच्या घरात यंत्रमाग धडधडत होते. शेजारच्या घरांतही तेच. त्या गल्लीत गुपितसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं.

"आक्का, तुमचा साईराज..."

"आँ?"

"साईराज! कॉलेजात..."

"मोठ्यानं बोल की!"

"साईराज डोक्याच्या डॉक्टरकडं जातोय!" भावकूनं बेंबीच्या देठापासून सांगितलं, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. 'जातोय' हा शब्द पार मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेला.

त्या संध्याकाळी मावशी साईराजवर नजर ठेवून होती. तो भिंतीकडं बघत पुटपुटत होता. जेवता जेवता हात हवेत धरून बोटानं काहीतरी काढत होता. फोनवर मित्राला सांगत होता, "एकदा घेतलं तर कळतंय रं. दुसऱ्यांदा घेतलं की समदं शून्य. कायच सुधरत न्हाय."

मावशीनं परसात जाऊन बहिणीला फोन लावला. "मालू, पोरगं कायतरी घेतंय गं!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मालुबाई आणि आण्णाप्पा बेळगावात उतरले. बाळाबाई आणि भावकू स्टँडवर होतेच. सगळे रिक्षानं कॉलेजात आले. शुक्रवार होता, पण एकुलता एक विद्यार्थी निसटू नये म्हणून मॅडमनी त्याला आजही बोलावलं होतं. तो अजून यायचा होता.

"आमी साईराजचं आई-बाप," आण्णाप्पा दारातच हात जोडून म्हणाले.

मॅडमना भरून आलं. पोराच्या गणितासाठी नंदगडहून धावत आलेले पालक त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"या, बसा. घाबरू नका. त्याच्यासारखी पुष्कळ मुलं आहेत इथं."

"पुष्कळ?" मालुबाईनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"निम्मा वर्ग म्हणा ना. लपवतात फक्त. साईराजनं निदान येऊन सांगितलं."

"कवापास्नं हाय म्हणायचं हे?" आण्णाप्पांनी विचारलं.

"मला वाटतं पाचवी-सहावीपासून."

"पाचवीपास्नं!" मालुबाईनं पदर तोंडाला लावला. "तरी मी म्हनत होते, शाळंतनं आल्यावर ह्यो गप का बसतोय!"

"घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?"

"आमच्या घरान्यात कुनाला न्हाय," आण्णाप्पा ताठ बसून म्हणाले.

"आन् तुमचा धाकला भाऊ?" मालुबाई म्हणाली. "त्यो काय कमी घेतोय?"

मॅडमना हे नीट कळलं नाही. त्या समजावत राहिल्या. "हे बघा, मी त्याला थोडं थोडंच देते. एकदम जास्त दिलं तर झेपणार नाही. घरी करायलाही दिलंय."

"तुमी देता?" भावकू उठून उभाच राहिला.

"मग? मी नाही तर कोण देणार? काल सुटत नाही म्हणून रडला तो. पण सुटेल. आणि एकदा सुटायला लागलं ना, की तो बाकीच्या मुलांनाही इथं घेऊन येईल."

"बाकीच्या पोरास्नी बी!" बाळाबाईनं गळाच काढला. त्या आवाजानं समोरच्या प्रयोगशाळेतली पोरं व्हरांड्यात आली. वरच्या मजल्यावरची जिन्यात आली. प्राचार्यही चष्मा पुसत आले.

गर्दीतून वाट काढत साईराज आत शिरला आणि मालुबाईनं त्याला दोन्ही खांद्यांना धरलं.

"काय घेतोस रं तू? खरं सांग तुझ्या आईला!"

"काय घेतोय मी?"

"ह्या बाई देत्यात म्हनं!"

साईराजनं मॅडमकडं बघितलं, आईकडं बघितलं, दारातल्या सगळ्या कॉलेजकडं बघितलं. मग त्याचा बांधच फुटला.

"गणित घेतोय गं आये! डेरिव्हेटिव्ह घेतोय! मला गणित येत न्हाय!"

मालुबाईनं त्याचे खांदे सोडले.

"गणित?" आण्णाप्पा सावकाश म्हणाले. "निस्तं गणित?"

"व्हय, आप्पा. नापास झालोय चाचणीत. गावात समदी मला सायंटिस्ट म्हनत्यात. कुठल्या तोंडानं सांगू तुमास्नी?"

मालुबाई मटकन खाली बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "एवढंच व्हय रं माज्या राजा! आरं, गणित तर तुज्या बापाला बी येत न्हाय!"

"आता हे कॉलेजात सांगायची गरज हाय का?" आण्णाप्पा कुरकुरले, पण त्यांचा हात पोराच्या पाठीवर होता. भावकू हळूच रिक्षा बघायला निघून गेला.

साईराजला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. जे रुमालाआड लपवलं ते आता चपराशापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. दारात उभा होता विक्रम, फिजिक्सचा पहिला नंबर. तो आता काहीतरी टोमणा मारणार म्हणून साईराजनं मान खाली घातली.

विक्रम आत आला, घसा खाकरला आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाला, "मॅडम, पाठ करून लिहितो मी. सुटत माझं बी न्हाय."

त्याच्या मागून सौम्या आली. मग तिच्या मैत्रिणी. आई-वडील, मावशी आणि प्राचार्य यांच्यादेखत एकाची एवढी शोभा झाल्यावर आपली त्याहून वाईट होणं शक्य नाही, हा हिशोब मात्र सगळ्यांना अचूक जमला होता.

पुढच्या गुरुवारी साईराज जरा उशिरा पोचला. खुर्च्या भरल्या होत्या, खिडकीच्या कट्ट्यावर पोरं बसली होती, आणि मॅडमच्या टेबलाला टेकून उभ्या असलेल्यांमुळं फळाही दिसत नव्हता.

"मॅडम, मी कुठं बसू?"

मॅडमना आवाजच ऐकू गेला नाही.

"आरं, सरका की!" साईराज चिडून म्हणाला. "माझ्या आईबापाला रडवून हे केंद्र चालू झालंय, आन् मलाच जागा न्हाय?"

विक्रमनं मान वर न करता सांगितलं, "आईबापास्नी परत घेऊन ये. मग जागा करतो."