हौसाआक्कांची थप्पी

हौसाआक्का लाकूड कानाला लावून ऐकतात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "ओलं हाय. अजून बोलत न्हाई." टणकन आवाज आला, की ती ढलपी सरपणाच्या थप्पीत जाते.

माण गावातल्या त्यांच्या तीन मजली बंगल्यात मी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्यांच्या जमिनीवर आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या, घरात गॅस आला, सोलर आला. तरी दिवाळी सरली की आक्का कंपाउंडच्या भिंतीला सरपण रचायला घेतात. खाली विटा, वर जाड ओंडके, मग ढलप्या, सालीची बाजू आभाळाकडे. थर इतके सरळ, की आमच्या इंजिनिअर मंडळींनी माना खाली घालाव्यात. पाहुण्याला चहा नंतर, आधी थप्पी दाखवतात. कुणी फोटो काढायला लागलं, की पदर सारखा करून शेजारी उभ्या राहतात.

एकदा पार्सलवाल्या पोरानं थप्पीवर खोका ठेवला.

"उचल आधी! ते टाकलेलं न्हाई, रचलंय."

चाकणच्या कंपनीतून येणारी पॅकिंगची लाकडं त्या घेत नाहीत. "भडकत्यात आन् पळून जात्यात. बाभळीसारखं बसून ऱ्हायला नगं?"

मुलगा बाळासाहेब दरवर्षी वैतागतो. "आई, तिथं दोन गाड्या बसतील. गीझर हाय ना घरात?"

"गीझरम्होरं बसून गप्पा मारता येत्यात का रं?"

यंदा जानेवारीत थंडी कडक पडली. समोरच्या बांधकामावर नांदेडकडची सुमन आणि तिचा नवरा पत्र्याच्या खोलीत राहतात. सुमन बाळंत होऊन दवाखान्यातून आली, तेव्हा नळाचं पाणी हाताला चावत होतं. तिचं माहेर लांब, आईही नाही. आक्कांना कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थप्पी स्वतःच मोडली. वरच्या नव्हे, मधल्या थरातली, सगळ्यात वाळलेली बाभळ काढली. अंगणात तांब्याचा बंब पेटला. सुमनला त्यांनी कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पाठ शेकली, आणि मग ते रोजचंच झालं. थप्पीला भगदाड पडलं, तरी आक्का मिरवतच होत्या. "बघ, धूर हाय का? रचलंच हाय तसं!"

एका सकाळी मी सहज म्हणालो, "आक्का, तुम्ही तर बाळंतपणात अगदी पटाईत."

त्या बंबात लाकूड सारत म्हणाल्या, "आमची लेक शैला जर्मनीत बाळंत झाली. तवा मी हितं दुप्पट सरपण रचून ठिवलं व्हतं. बाळाला घिऊन येईन म्हनली व्हती. मग म्हनली, तिकडं घरं आपोआप गरम व्हत्यात. नातू पाच वर्साचा झाला. त्याला अजून हात लावला न्हाई मी."



सुमन आत कपडे बदलत होती. आक्का पाटावर पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर घेऊन तेल लावलं, पाणी घातलं, दुपट्यात गुंडाळलं. तसंच पायांवर ते झोपून गेलं. ऊन कंपाउंडवरून अंगणात आलं. सुमन बाहेर येऊन म्हणाली, "द्या आक्का, घेते मी. पाय अवघडले असतील."

"मुंग्या आल्यात," आक्का हळूच म्हणाल्या. "येऊ देत. उठवू नगंस."