गुलाबी हेल्मेट

निवेदितानं ठरवलं, निरंजनला काही बोलायचं नाही, परस्पर उपाय करायचा. (असं ठरवणाऱ्या बायका आपल्यात कमी नाहीत, आणि पुढं काय होतं ते प्रत्येकीला ठाऊक असतं.)

भानगड वासाची होती. मोशीहून चाकणला नवराबायको एकाच स्कूटरवर जायची. तिला तिच्या कंपनीच्या गेटवर सोडून तो पुढं आपल्या कंपनीत. तिचं जुनं अर्धं हेल्मेट चांगलं चालत होतं, तरी वाढदिवसाला त्यानं नवं आणलं. गुलाबी, हनुवटीपर्यंत झाकणारं, बंद काचेचं. धूळ फार असते म्हणाला. तिनं ते अख्ख्या डिपार्टमेंटला दाखवलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या डोक्याची नवऱ्याला काळजी वाटते, ही बातमी काही लहान नव्हे.

आणि तेव्हापासूनच वास यायला लागला. स्कूटरवर गप्पा सुरू झाल्या की यायचा, गप्प बसलं की जायचा. तो पुढं बसून बोलतो, वारा मागं येतो, मामला सरळ होता. (निवेदिता क्वालिटीत आहे. दोष कुठून आला हे शोधायचाच तिला पगार मिळतो.) घरी कधी कळलं नव्हतं, पण घरी ती ओट्याशी आणि तो टीव्हीशी, तोंडासमोर तोंड येतंय कुठं?

एरवी तिनं सोडूनही दिलं असतं. पण शुक्रवारी त्याचा सुपरवायझरच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू होता, तोही मॅनेजरच्या एसी केबिनमध्ये, दार लावून. इतकी वर्षं घासून हाताशी आलेली पोस्ट तोंडाच्या वासापायी जायची! तिला जेवताना, झोपताना, पार्ट तपासताना ती बंद केबिन दिसायला लागली.

मग त्याच्या डब्यात लवंगा आल्या. आमटीतला लसूण गेला, कोशिंबिरीतला कांदा गेला. बेसिनपाशी जीभ घासायची नवी पट्टी लटकली. निरंजननं एका शब्दानं विचारलं नाही, बिनलसणाची आमटीही गोड मानून घेतली. फक्त लवंग मोडून अर्धी तिच्यापुढं धरायचा.

"तूपण घे की."

"नको हो, तुम्हीच खा." तिला भरून यायचं. एवढ्याशा लवंगेतही बायकोची आठवण.

वास मात्र तसूभर हलला नाही. गुरुवारी सकाळी कुरुळीच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर अडकली आणि ती त्याला इंटरव्ह्यूची उत्तरं पढवायला लागली. एकटीच बोलत होती, आणि वासानं तिलाच गरगरलं.

आता डेंटिस्टशिवाय गत्यंतर नव्हतं. संध्याकाळी तिनं थाप मारली, माझी दाढ ठणकतेय, सोबत चला. तो थकलोय म्हणेल असं वाटलं होतं. तर हा चप्पल घालून दारात.

"चल. उद्यावर नको टाकायला."

आपण आधी बसायचं, उठताना 'आलेतच तर यांचंही बघा' म्हणायचं, असा तिचा बेत. पण डॉक्टर सायली आरसा तोंडात घालून बघतच राहिल्या.

"ब्रश करताना रक्त येतं?"

"येतं थोडं. ब्रश कडक आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल."

पाणी किती पिता, हेही त्यांनी विचारलं. कंपनीतलं बाथरूम पार दुसऱ्या टोकाला, म्हणून ती दिवसभर चहावर भागवायची. तेही तिनं सांगून टाकलं.

"हिरड्या सुजल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "दातांवर थर साचलाय, त्यात तोंड कोरडं. वास येणारच. रक्त दिसलं तेव्हाच यायचं होतं. शनिवारी या, साफ करू, रात्री झोपताना ब्रश करत जा. तरी वास राहिला तर नाक, घसा, पोट दाखवून घ्यायचं."

"वास," निवेदिता म्हणाली. "माझा?"

ठरल्याप्रमाणे निरंजनचंही तोंड बघून झालं. दात स्वच्छ, हिरड्या घट्ट, वर लवंगेचा घमघमाट. म्हणजे उद्याची केबिन सुखरूप होती.

खाली येऊन तिनं हेल्मेट चढवलं, काच लावली आणि सवयीनं म्हणाली, "दूध घ्यायचंय जाताना." आतल्या आत फिरून आलेला वास तिच्याच नाकाशी थांबला. मामला खरंच सरळ होता. तिनं काच वर केली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलायचं ना मला."

"कसं बोलणार गं? तुला लागलं असतं. म्हणून मी आपला दुसरा मार्ग काढला."

"कुठला मार्ग?"

निरंजननं हात पुढं करून तिच्या गुलाबी हेल्मेटची काच अलगद खाली ओढली आणि स्कूटर चालू केली.