समोरचं हिरवं फाटक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने घाई करायची नसते, असं मेकॅनिक नेहमी सांगायचा. आता तर तो हे रोज दोनदा सांगत होता. त्याच्या कंपनीने गावातली शाखा बंद करायचं ठरवलं होतं. तीन शहरांपैकी एक निवडा आणि सोमवारी सकाळी कळवा, असं साहेबांनी बजावलं होतं. मेकॅनिकने लगेच एक वही काढली. शाळा, पाणी, दवाखाना, कामाचं अंतर असे रकाने आखले, दहापैकी गुण द्यायचे ठरवले आणि बायकोला ऐकवलं की शहर निवडणं हे मनाचं काम नाही, डोक्याचं आहे.

बायकोने वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "उन्हाचा रकाना कुठंय?"

उन्हाला गुण देत नसतात, असं त्याने समजावलं. त्यांच्या दोन खोल्यांच्या एकुलत्या खिडकीसमोर हातभर अंतरावर गोदामाची भिंत होती. भर दुपारी दिवा लावावा लागे. कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागत. सहा वर्षांच्या ठकीने शाळेत घराचं चित्र काढलं, तेव्हा खिडकीत सूर्याऐवजी विटा काढल्या होत्या आणि बाईंनी 'भिंत छान' असा शेरा दिला होता. मेकॅनिक दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत दोर आणि वंगणाशी झटायचा. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आपण पुन्हा विहिरीतच उतरलो असं त्याला वाटायचं. पण हे तो कुणाला सांगत नसे. वहीच्या कडेला त्याने बारीक अक्षरात 'ऊन' असा रकाना आखला आणि त्यावर हात धरून बसला.

पहिलं शहर डोंगरातलं होतं. तिथे ठकीने प्रत्येक वळणाला पोट रिकामं केलं आणि बाराव्या वळणाला परत फिरू या म्हणून भोकाड पसरलं. दुसरं बंदराचं. तिथल्या घरमालकाने दीड वर्षाच्या गुंड्याकडे चष्म्यावरून पाहत, हा रडतो का, असं विचारलं. गुंड्याने तिथल्या तिथे रडून उत्तर दिलं. आता उरलं नदीकाठचं शहर, आणि हातात उरला फक्त रविवार.

घरांच्या एजंटने फोनवर पत्ता दिला होता. तिसरी गल्ली, हिरवं फाटक, वेळ अकराची. मालकीणबाई जरा विचित्र आहेत, असंही तो म्हणाला होता. त्या काहीही बोलल्या तरी मान डोलवायची, उलट विचारायचं नाही, नाहीतर घर हातचं जाईल. शिवाय घर बघायला आणखीही लोक येणार आहेत, तेव्हा सावध राहा.

गल्लीत दोन हिरवी फाटकं समोरासमोर होती. एकामागे बुटकं, उदास घर. दुसऱ्यामागे दोन मजली, वर लांबलचक गॅलरी, आणि गॅलरीत ऊन असं सांडलेलं, की कुणी बादलीभर ओतावं. बायकोने विचारलं, कोणतं? मेकॅनिकने क्षणाचाही विचार न करता दोन मजली घराचं फाटक ढकललं.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. त्यांनी चौघांना डोळे बारीक करून पाहिलं आणि एकदम पुढे होऊन मेकॅनिकचा हात धरला. "आलास बाळ? केवढा मोठा झालास."

मेकॅनिक छत्तीस वर्षांचा होता. त्याला एजंटचे शब्द आठवले आणि त्याने मान डोलावली.

मग आत जे स्वागत झालं, तसं त्याचं सासुरवाडीतही कधी झालं नव्हतं. बाईंनी ठकीची हनुवटी धरून, कान अगदी दादासारखे आहेत, असं सांगितलं. गुंड्याला मांडीवर घेतलं आणि गुंड्या, जो परक्याच्या सावलीलाही रडायचा, तो त्यांच्या चष्म्याची दोरी चघळत बसला. टेबलावर चार ताटं आधीच मांडलेली होती. मुलांसाठी दोन नवीकोरी बुटकी स्टुलं होती. घर बघायला येणाऱ्या भाडेकरूंना जेवू घालणारी मालकीण मेकॅनिकने ऐकलीही नव्हती. त्याने भीत भीत वरच्या मजल्याचं विचारलं.

"तो तुमच्याचसाठी ठेवलाय," बाई म्हणाल्या. "मला जिना चढवत नाही आता. मी गेले की खालचंही तुमचंच."

बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. याचा अर्थ, हो म्हणा.

नंतर बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, वडिलांना शेवटी फार त्रास झाला का? मेकॅनिकचे वडील ठणठणीत होते आणि या वेळी बहुधा पत्ते कुटत बसलेले असणार. पण घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने मान डोलावली आणि एका डोलावण्यासरशी बापाला वर पोचवलं. बाई पदराने डोळे पुसत राहिल्या. मी यायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. तेव्हा मात्र त्याला आत कुठेतरी बोचलं. पण तेवढ्यात बायको वर जाऊन आली होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की लग्नाच्या दिवसानंतर त्याने तो पाहिला नव्हता.

तो वर गेला. खोलीत अकराचं ऊन तिसऱ्या फरशीपर्यंत आलं होतं. ठकी त्या उन्हात आडवी पडली होती आणि ही माझी खोली, असं छताला सांगत होती. मेकॅनिकने खिडक्या उघडून मिटल्या, नळ सोडून पाहिला, दाराच्या बिजागऱ्या कान लावून तपासल्या. कपाटावर बारा वर्षांच्या एका मुलाचा जुना फोटो होता. वही खिशातच राहिली.

बायको गॅलरीत उभी होती. खाली फाटकाशी एक माणूस घराचा नंबर वाचत थांबला होता. सोबत बायको, दोन मुलं, हातात खोका. एजंट म्हणाला होता ते हेच लोक, हे तिने ओळखलं. ती तरातरा खाली गेली आणि सभ्यपणे, पण ठामपणे सांगून आली की जागा गेली, आम्ही घेतली. आजी आता कुणाला भेटणार नाहीत.

"त्या स्वतः असं म्हणाल्या?" माणसाने विचारलं.

"हो. हे घर आता आमचंच, म्हणाल्या."

माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खोका फाटकाच्या खांबावर ठेवला, धाकट्याला उचललं आणि तो वळून चालू लागला. खोका उचलताना तिला जरा चमत्कारिक वाटलं. पण घरासाठी लोक काय वाटेल ते करतात, अशी तिने मनाची समजूत घातली.

पाच मिनिटांनी मेकॅनिकचा फोन वाजला. एजंट चिडला होता. अकरापासून फाटकाशी उभा आहे, तुम्ही आहात कुठे, मालकीणबाई खवळल्यात. मेकॅनिकने गॅलरीतून खाली पाहिलं. समोरच्या बुटक्या घरापुढे, दुसऱ्या हिरव्या फाटकाशी, एक माणूस कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता.

लिफ्टचा दोर तुटला की काय होतं, हे मेकॅनिकला आजवर फक्त पुस्तकातून ठाऊक होतं.

तो खाली आला. बाईंपुढे उभं राहून त्याने एका दमात सगळं सांगितलं. आपण कोण, कशाला आलो, मान का डोलावली, वडील जिवंत आहेत. बाई ऐकत राहिल्या. मग बायकोने फाटकावरून कुणाला परतवलं ते सांगून खोका पुढे केला. त्यावर शाईने लिहिलं होतं, 'आत्यास'.

बाई खुर्चीत बसल्या. भावाशी चोवीस वर्षांचा अबोला होता. एका लग्नात कुणी कुणाला नीट बोलावलं नाही, एवढंच कारण. भाऊ तसाच गेला. पुढे भाच्याने पत्र धाडलं, रविवारी अकराला बायकोमुलांसह येतो. आठ दिवस बाई घर पुसत होत्या. आणि भाचा फाटकावरून परत गेला होता.

"घेऊन ये त्याला," त्या म्हणाल्या. "आणलास तर वरचा मजला तुझा. शब्द देते."

मेकॅनिक धावला. बायकोने सांगितलेल्या खुणांवरून बसस्थानकावर भाचा बाकावर बसलेला सापडला. बस लागायला दहा मिनिटं होती. मेकॅनिकने हात जोडून सगळी चूक सांगितली. भाच्याचा विश्वास बसेना. एवढ्या वर्षांनी आत्याने बाहेरूनच घालवलं, त्यावर ही कुठली गोष्ट रचून आणलीत, असं तो म्हणाला. तेव्हा मेकॅनिकने चार ताटांचं सांगितलं. दोन नव्या स्टुलांचं सांगितलं. कपाटावरच्या फोटोचं सांगितलं. भाचा मान खाली घालून ऐकू लागला.

मेकॅनिक इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण बस लागली, लोक चढू लागले, आणि मेकॅनिकला कळेना की भाच्याला अजून कशाने उठवावं. त्याने घराचं वर्णन सुरू केलं. ऊन तिसऱ्या फरशीपर्यंत येतं. नळाला असं पाणी, की बादली मागे सरकते. गॅलरीत उभं राहिलं की नदीवरचा वारा लागतो. एकही दार कुरकुरत नाही. बोलता बोलता त्याचा आवाज हळवा झाला. आयुष्यात इतकं मनापासून तो कधी कशाबद्दल बोलला नव्हता.

इतका वेळ पाठ करून बसलेली भाच्याची बायको वळली.

"ऊन किती वाजेपर्यंत असतं?"

"दुपारी अडीच तर नक्कीच," मेकॅनिक म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला काहीतरी निसटतंय असं वाटलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचंही घर अंधारं, तळघरातलं होतं. त्यांनाही शहर बदलायचं होतं. बस निघून गेली.

आत्या-भाच्याची भेट झाली तेव्हा मेकॅनिक आणि त्याची बायको स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. बाहेरून रडण्याचा आणि मधेच हसण्याचा आवाज येत होता. मग भाच्याची बायको वरचा मजला बघायला गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही.

बाई आत आल्या. त्यांनी मेकॅनिकचा हात धरला. "तुला शब्द दिलाय मी," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते आणि चेहरा वीस वर्षांनी लहान झाला होता.

मेकॅनिकने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिनेच उत्तर दिलं. "आम्ही समोरचं घर बघायला आलो होतो, आजी."

समोरचं घर एजंटने दोन मिनिटांत दाखवलं. तळमजला, दोन खोल्या, गल्लीकडे एक खिडकी. ऊन कधी येतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण ते येणार नाही हे दिसतच होतं. ठकी दाराबाहेर फुरंगटून बसली. चार वाजता ते निघणार, एवढ्यात खिडकीतून उजेडाचा एक तुकडा आत आला आणि भिंतीवर थरथरत राहिला. सूर्य पलीकडच्या बाजूला होता. समोरच्या घराच्या वरच्या काचांवरून तो उजेड परतून येत होता.

बायको जाऊन त्या तुकड्यात उभी राहिली. उजेड तिच्या खांद्यावर पडला, मग गुंड्याच्या टाळूवर. तो संपेपर्यंत ती हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "हेच शहर कळवा."

सोमवारी साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मेकॅनिकने शाळा, पाणी आणि दवाखान्याचं सांगितलं. महिन्याभरात दोन्ही कुटुंबं त्या गल्लीत राहायला आली, एक वर आणि एक समोर. भाचा मोठा मोकळा माणूस निघाला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की या भल्या माणसाने बसस्थानकावर अडवलं नसतं, तर एवढं घर मिळालंच नसतं. एका संध्याकाळी तो गॅलरीतून वाकून गप्पा मारत होता आणि मेकॅनिक खाली खिडकीत उभा होता. भाच्याच्या डोक्यात एकाएकी शंका आली.

"एक विचारायचं राहिलंच," तो म्हणाला. "तुम्हाला हे घर इतकं आवडलं होतं, मग तुम्हीच का नाही घेतलंत?"

मेकॅनिकने वर पाहिलं. मागे बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"आम्हाला ना," तो म्हणाला, "मुळात तळमजलाच हवा होता."