दोन श्रावणांची रसद आणि मंजुळाबाईंची फत्ते

बोईसर मुक्कामी चाळीच्या चौथ्या खोलीत जो मजकूर जाहला, तो जैसा घडला तैसा लिहिला आहे. तिखटमीठ जादा वाटल्यास ते मुदपाकखान्याचे, लेखकाचे नव्हे.

शके १९०७, क्रोधन नाम संवत्सर. ते समयी मातुश्री जमनाबाईंचे कमरेस घरखर्चाचा बटवा बत्तीस वर्षे अढळ होता. चिरंजीव एकनाथराव कारखान्यात चाकर. ते पगार आणून मातुश्रींचे पायाशी ठेवीत आणि चहापुरते पैसे परत मागून घेत. सून मंजुळाबाईंस कोथिंबिरीच्या जुडीसही अर्ज करावा लागे आणि ते त्यांचे जिवास फार लागे. मग वैशाखात त्यांनी धीर करून बटवाच मागितला. मातुश्रींनी करार फर्माविला तो ऐसा, की पावसाळ्याची बेगमी चारशे रुपयांत करावी, गणपती येईतो पुरवावी, आणि मध्ये एक पैसा मागितल्यास बटव्याचे नाव जन्मात काढू नये.

मंजुळाबाईंनी मसलत केली. नवे कॅलेंडर घेणे म्हणजे पहिल्याच चालीस खजिन्यास भोक, ऐसे जाणून त्यांनी गतसालच्या कॅलेंडराचे पाठीवर वारवार स्वयंपाक मांडिला, आषाढात बोंबील व सुकट, श्रावणात वाल व मूग, आणि मग खासा समुद्रकाठी शिरगावी कूच केले. तेथे हंसा कोळीण सुक्या बोंबिलांची रास घालून बसली होती. मंजुळाबाई भाव विचारीत आणि माघारी तेथल्याच आपल्या मावशीचे घरी तळावर जात, ऐसे दोन दिवस केले. कारण आभाळ भरले की वाळवण ठेवावयास जागा उरत नाही आणि भाव कोसळतो, हे त्यांनी माहेरी माहीमास पाहिले होते. तिसरे दिवशी पश्चिमेकडून काळे ढग चालून आले.

हंसा म्हणाली, "बाय, तू बोंबील न्यायला आलीस का पाऊस घेऊन आलीस? ने अर्ध्यात, माजा जीव नको खाव."

बोंबील व सुकटीच्या दोन गोणी एस.टी.त चढविताना कंडक्टराने नाक धरून हरकत घेतली, त्यास मूठभर सुकटीची खंडणी देऊन वाट मोकळी करविली.

आषाढ सुखाने सरला आणि मग शेजारच्या नलूने खबर आणिली, की यंदा अधिकमास, श्रावण दोन, जे गतसालच्या कॅलेंडरात नव्हते. मातुश्रींस हे पाडव्यापासून ठाऊक होते, पण त्या बोलल्या नाहीत. आता मात्र हुकूम सुटला, की दोन्ही श्रावण पाळावे. डाळ एका महिन्याची, महिने दोन, आणि खाता न येणारे बोंबील गोणीभर उरलेले. मंजुळाबाई स्टोव्हपुढे बसून रडल्या, हे लपविण्यात अर्थ नाही.

ऐशा समयी बेटेगावाकडून नवसी नामे वारली बाई टाकळा, करटोली ऐशा रानभाज्यांची पाटी घेऊन दारी आली. मंजुळाबाईंनी हात रिकामे असल्याचे सांगितले. नवसीने गोणीकडे पाहिले.

"पैसं नको बाय. सुके बोंबील दे. आमचे घरात भाजी लय हाय, कालवनाला काय नाय."

मातुश्रींनी व्रतभंगाची हरकत घेतली. मंजुळाबाईंनी नम्रपणे अर्ज केला, की व्रत खाण्याचे आहे, देण्याचे नव्हे. दरबाराने हरकत मागे घेतली. मग दर चार दिवसांनी नवसी येई, बोंबील नेई आणि पाटी रिती करून जाई. एकनाथरावांनी टाकळ्याविरुद्ध एकवार बंड करून पाहिले, ते ताटावरच मोडिले. डाळ पातळ होत गेली, पण संपली नाही.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणपती पाटावर बसले, आणि मातुश्रींनी सर्वांसमक्ष बटवा सोडून सुनेचे हाती दिला. दुसरे दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराचे दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"मंजू, मिसरीला आठ आणे देशील गो?"

मंजुळाबाईंस फार वाईट वाटले. याचसाठी एवढे केले काय, ऐसे झाले. त्यांनी बटवा उघडून तैसाच सासूबाईंचे पुढे धरिला, आणि सासूबाईंनी किती काढिले ते पाहिले नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीस मोहीम फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे.