डगच्या गुडघ्यांचा काढा

ही हकिगत १९९४ सालची. त्या ऑगस्टात शुगर लँड या अमेरिकी शहरात असा दमट उकाडा होता की दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुरकट व्हायच्या. नेमका तेव्हाच डगच्या घरचा एसी बंद पडला. डग म्हणजे देवानंदचा साहेब. लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातची काळी बिअर वाढायची असं त्याने ठरवलं होतं, आणि उकाड्यात बिअर नासते.

"देव, तुझं घर गार आहे ना?" त्याने विचारलं.

देवानंदचं ग्रीन कार्ड डगच्या सहीसाठी अडलं होतं. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या देवानंदच्या तोंडून "शुअर" निघून गेलं.

"आई नागपूरहून आल्यात, रविवारी आपल्याकडे बुद्धवंदना आहे, आणि तुम्ही घरात दारू गाळणार?" उपासनाने कपाळाला हात लावला.

"गाळायची नाही गं, आंबवायची. आणि मी थोडीच पिणार आहे?"

"हे आईंना सांगून बघा!"

तेच तर त्याच्याने होणार नव्हतं. रत्नाबाईंनी नागपुरातल्या आपल्या वस्तीत घरोघर जाऊन नवऱ्यांच्या बाटल्या नालीत ओतल्या होत्या. पाचवं शील, म्हणजे नशेपासून दूर राहायचं वचन, त्यांनी आयुष्यभर नुसतं म्हटलं नव्हतं, राबवलं होतं. त्यांच्या पोराच्या घरात बिअर! त्या पुढच्याच विमानाने परत गेल्या असत्या.

शनिवारी उपासनाने सासूबाईंना देशी किराणा दुकानात नेलं. तेवढ्यात डग आणि देवानंदने भाजलेल्या जवाचं पाणी उकळलं, निववलं, यीस्ट घातलं आणि बादली जिन्याखालच्या कपाटात ठेवली. झाकणाला एक भोक आणि भोकात नळी होती. बिअर आंबताना होणारा वायू त्या नळीतून बाहेर पडायचा.

रत्नाबाई आल्या त्या नाक वर करूनच. "कसला रे वास, देवा?"

"काढा आहे, आई. डगच्या गुडघ्यांसाठी."

"गोरा माणूस काढा घेतो? गुणाचा आहे बाई!"

रविवारी कपाटातून गुडुक-गुडुक ऐकू यायला लागलं. देवानंदने म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवला. दुपारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पाहुणे जमले. ज्येष्ठ म्हणून मान असलेले एकनाथकाका कंबरदुखीमुळे कपाटाच्या दाराला पाठ टेकून बसले. देवानंदच्या लक्षात आलं, गुडुक-गुडुक थांबलंय.

"तुझा काढा वाचवला बरं का," रत्नाबाई कानाशी म्हणाल्या. "सगळी वाफ उडून चालली होती. मी ती नळी काढली, भोकात कणीक गच्च बसवली आणि झाकणावर पाटा ठेवला. आता गुण बाहेर जात नाही."

 देवानंद रिफायनरीत कामाला होता. दाब वाढून टाक्या फुटू नयेत हे बघण्याचाच त्याला पगार मिळत होता.

"काका, जरा इकडे सरकता का?"

"इथं बरं आहे रे. पाठीला गार लागतं."

"देवा, सुरू कर. लोक थांबलेत," रत्नाबाई म्हणाल्या.

त्याने पंचशील सांगायला सुरुवात केली. तो म्हणे आणि मागून सगळे म्हणत. पहिलं शील जरा घाईत गेलं, दुसरं त्याहून घाईत. "आगगाडी पकडायचीय का याला?" कुणीतरी पुटपुटलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हणताना त्याची जीभ अडखळली. पाचव्याला तोंडच उघडेना. काकांच्या मागे दार किंचित करकरलं.

"काका, उठा! तुमच्या मागे बिअर आहे!"



"कुणाची?" काकांनी जागचं न हलता विचारलं.

"डगची."

"मग डगच्या घरी का नाही?"

"त्याचा एसी बंद आहे!"

 रत्नाबाई उठल्या, काकांना हाताला धरून बाजूला केलं, कपाट उघडलं आणि झाकणावरचा पाटा उचलला. कणीक बंदुकीच्या गोळीसारखी छताला जाऊन चिकटली, पाठोपाठ फेसाचा काळा फवारा उडाला. सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी ठिपके.

एवढ्यात बिअरची खुशाली विचारायला डग आला. दारातच थबकला. "देव, मी नंतर येऊ का?"

"काय म्हणतो हा?" रत्नाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "त्याला म्हणावं, जोडे काढ आणि बस. आपलं एक शील राहिलंय."

डग मांडी घालून बसला. गुडघे खरंच कुरकुरले. पाचवं शील रत्नाबाईंनी स्वतः सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, त्याच्याकडे बघत. डगने हात जोडून शब्दन् शब्द म्हटला.

सोमवारी ऑफिसात त्याने विचारलं, "मी काल काय म्हटलं रे?" देवानंदने खरं ते सांगितलं. डग म्हणाला, "एका आईसमोर शब्द दिलाय, म्हणजे पंचाईत आहे."

लेकीच्या लग्नात बिअर दुकानातून आली. ग्रीन कार्ड दोन वर्षांनी आलं. एकनाथकाका पुढे लेकाकडे मॉरिसव्हिलला गेले. उपासनाने छत दोनदा रंगवलं, शेवटी घरच विकलं. रत्नाबाई त्या विमानाने काही गेल्या नाहीत. मुक्काम पुरा करून नागपूरला परतल्या आणि पुढे बारा वर्षं जगल्या. दर फोनवर त्या विचारायच्या, "डग पाळतो का रे?"

"रविवारी पाळतो, आई," देवानंद सांगायचा.

उरलेल्या वारांबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.