नानांचं कपाटातलं ऑफिस

ताईचं पत्र आलं तेव्हा घरात पंखा चालू होता. आता स्वेटर घालायची वेळ आली, तरी उत्तर गेलेलं नव्हतं!

पत्र तसं छोटंच होतं. 'नान्या, एकटीला हे घर खायला उठतं. तुमच्याकडे राहायला येऊ का? जमत नसेल तर तसं लिही. मला राग येणार नाही.'

यावर 'ये' एवढंच लिहायचं. पण नाना सारा जन्म ग्रंथालयात काढलेला माणूस! नुसतं 'ये' लिहिलं तर थोरल्या बहिणीला हुकूम सोडल्यासारखं होईल. 'अवश्य येणे' म्हणजे सभेचं निमंत्रण! 'तुला यावंसं वाटत असेल तर' असं लिहावं, तर तिला वाटेल, याला मी नकोय. शेवटी कागद चुरगळून टोपलीत जायचा. फोन करण्यात अर्थ नव्हता. ताईला फोनवर ऐकू येत नसे; ती आपलं बोलून खुशाल ठेवून द्यायची.

बायको आधी रोज विचारायची, "लिहिलंत का?" मग अधूनमधून विचारू लागली. मग विचारेनाशी झाली. नानांना वाटलं, चला, सुटलो!

"दोष जागेचा आहे," एका सकाळी नानांनी जाहीर केलं. "जेवणाच्या टेबलावर तुझे कांदे. पलंगावर बसलं की डोळा लागतो. मागच्या खोलीतल्या कपाटाचं मी ऑफिस करणार! एक फळी ठोकली की झालं. मग बघ, पत्र एका बैठकीत!"

"तुम्ही ठोकणार?"

"हो."

"हातोडीनं?"

"मग काय चमच्यानं?"

बायको पिशवी घेऊन बाजारात निघाली. जाताना मलमपट्टीचा डबा मात्र टेबलावर काढून ठेवून गेली.

कपाट भिंतीतलं होतं, चांगलं खोल, माणूस आरामात बसेल एवढं. त्यात पाहुण्यांच्या गाद्या, उशा, पांघरुणं कोंबलेली. ती कुठे ठेवायची? शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे! नानांनी सांगायचं वाक्य घोकून घोकून पाठ केलं : 'फळी ठोकून होईपर्यंत एवढं तुमच्याकडे राहू द्याल का? संध्याकाळी घेऊन जातो.' दार उघडलं. समोर साक्षात माणूस! नानांच्या वाक्याचं पार पीठ झालं.

"हे घ्या. आमच्याकडे आता जागा नाही," एवढंच ते म्हणाले, गठ्ठा तिच्या हातात कोंबला आणि मांजर मागे लागलेल्या उंदरासारखे घरात पळाले.

मग ठोकाठोकी सुरू झाली. नाना वर्षानुवर्षं ग्रंथालयाच्या काउंटरमागे बसलेले. टेबल म्हणजे आतल्या अंगाला आपण आणि बाहेरच्या अंगाला जग, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे त्यांनी कपाटात आधी स्टूल ठेवलं, त्यावर बसले, आणि मग फळी समोर आडवी धरून खिळे मारले. लांबलचक खिळे! ग्रंथालयात असायची तशी पाय झाकणारी उभी फळीही खाली ठोकली. हात फिरवून पाहिला. फळी हलेना. नाना खूश झाले! चहा करावा म्हणून उठले आणि गुडघा फळीवर आपटला.

ग्रंथालयाच्या काउंटरला आत-बाहेर करायला एक झडप होती. ती त्यांच्या आता लक्षात आली.

खालून वाट नव्हती. वरून चढून जायला गुडघे राजी नव्हते. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. बायकोचा आवाज, आणि सोबत शिवणवाल्या बाईंचा! या अवतारात परक्या बाईनं आपल्याला बघायचं? नानांनी घाईघाईनं हात लांबवून कपाटाची दारं ओढून घेतली. बाहेरची कडी आपसूक पडली. खट्!

"काकू, नानांनी सकाळी ही अंथरुणं मला दिली," गठ्ठा घेऊन बायकोबरोबर मागच्या खोलीत आलेली शिवणवाली म्हणत होती. "म्हणाले, आमच्याकडे आता जागा नाही. मी काही विचारायच्या आत गायब! म्हटलं, तुम्हाला विचारूनच घ्यावीत."

मग पलंग करकरला. बायको बसली असावी.

"ताईंसाठी उन्हात घालून ठेवली होती मी," ती म्हणाली. "कळलं हो. यांना ताई यायला नकोत. तोंडानं सांगवत नाही, म्हणून हे कपाटाचं खूळ."

"छे हो, नाना तसे नाहीत."

"मलाही तसंच वाटायचं. लग्न होऊन आले ना, तेव्हा या घरात माझ्याशी आधी कोण बोललं असेल तर ताई. हे पुस्तकाआडून नुसते बघत होते! आता त्या आल्या की घरात चार शब्द ऐकू येतील, म्हणून मी केवढी वाट बघत होते गं. पण त्यांना तरी किती ताटकळत ठेवायचं? आजच लिहिते मी, येऊ नका म्हणून."

ज्यानं जन्मभर लोकांना 'शांतता राखा' म्हणून सांगितलं, तो माणूस पोटातून ओरडला,

"नाही! लिहू नकोस!"

शिवणवालीनं किंकाळी फोडली आणि हातातली उशी कपाटावर फेकून मारली. "चोर! काकू, चोर!"

"चोर नाही, मी आहे!"

"मी कोण?" बायकोनं दरडावलं.

"नवरा!"

"कुणाचा?"

"तुझाच गं!"

दारं उघडली. नाना हाताची घडी घालून फळीमागे बसलेले, जणू तिकीटखिडकीतले कारकून. पण खिडकीतला कारकून असा रडवेला नसतो.

"मला ताई हवी आहे," ते म्हणाले. "शब्द सापडत नाहीत, एवढंच."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तोच पदर तोंडावर दाबून हसू लागली.

"आधी बाहेर या बघू."

"येता येत नाही."

बायकोनं फळी ढकलली, शिवणवालीनं ओढली. ढिम्म! नानांच्या हातून जन्मात एकच गोष्ट पक्की झाली होती, आणि ती ही!

"सुताराला बोलावते," शिवणवाली निघाली.

"थांब," बायको म्हणाली. तिनं कागद आणि पेन आणून फळीवर ठेवलं. "आता जागा आहे, टेबल आहे. पत्र झालं की सुतार!"

"अगं, पण मला बाथरूमला..."

"मग तर लवकरच होईल!"

नानांनी पेन उचललं. "सुरुवात कशी करू?"

"काय सांगायचंय त्यांना?"

"ये म्हणून."

"मग तेच लिहा की!"

नानांनी लिहिलं : 'ताई, ये. लवकर ये. हिला बोलायला कोणी नाही, आणि तुम्ही दोघी बोलत असलात की मला ऐकत बसायला फार आवडतं. नान्या.'

बायकोनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं आणि जाऊन सुताराला स्वतः घेऊन आली.

सुतारानं आधी पोटभर हसून घेतलं, मग करवतीनं फळी मधोमध कापली. ऑफिस गेलं, नाना सुटले!

संध्याकाळी बायको टपालपेटीपर्यंत सोबत गेली. नानांना एकट्याला पाठवायची सोय नव्हती. नानांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं.

"सोडा."

"एकच शब्द जरा..."

"सोडा म्हणते ना!" तिनं मनगटावर हलकी चापट मारली. पाकीट आत पडलं.

नाना वाकून फटीत डोकावले. "काय गं, 'लवकर' हे जरा दटावल्यासारखं नाही ना वाटणार तिला?"

बायको केव्हाच रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती.