लाइनबॅकर पाहण्याचा कार्यक्रम

माणसाची लायकी ही अशी चीज आहे, की ती ज्याची त्याला कधीच दिसत नाही. ती दिसायला दुसरा माणूस लागतो, त्याला बसायला खुर्ची लागते आणि मधे थोडं अंतर लागतं. अंतर जितकं जास्त, तितकं मत निःपक्षपाती. हे सत्य अमेरिकेने वेळेत ओळखलं आणि तिथल्या कॉलेजातल्या दांडग्या पोरांची लायकी ठरवण्याचं काम भिलाईत, सुपेल्याला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसणाऱ्या राजकुमारकडे आलं.

(दुकान खाली असल्यामुळे मूल्यमापनाला रबराचा वास येतो. तो अमेरिकेपर्यंत पोचत नसावा.)

पद

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. तो बहुतांशी हाताने खेळतात. त्यात आपल्या पुढच्या रांगेमागे उभं राहून, समोरचा चेंडू घेऊन निघाला रे निघाला की त्याला आडवा करणारा गडी म्हणजे लाइनबॅकर. कॉलेज संपत आलं की व्यावसायिक संघ अशा गड्यांना एकेक करून निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. (सात फेऱ्यांनी पोराचं आयुष्य ठरतं, हे ऐकून राजकुमारच्या आईला, तुळसाबाईंना, अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.) त्याआधी पोरांची उंची मोजतात, वजन करतात, पळवून बघतात, हाताची वीत मोजतात, घरचं वळण विचारतात. त्यांच्या खेळाचे व्हिडिओ राजकुमारसारख्यांकडे येतात. तो एकेक धडक पुढे-मागे करून पाहतो आणि शेरा मारतो.

मूल्यमापकाची पात्रता

राजकुमारने तो चेंडू हातात धरलेला नाही. त्याने आजवर कोणाला आडवं केलेलं नाही. शाळेत कबड्डीच्या वेळी त्याला गुण मांडायला बसवत, तिथून त्याची नजर तयार होत गेली. सुपेला चौकात रस्ता ओलांडायचा तर तो एखाद्या गाईची वाट पाहतो आणि तिच्या आडोशाने पलीकडे जातो. पण पडद्यावर एखाद्या पोराने अर्धा क्षण दवडला की त्याच्या तोंडून ‘चक्’ निघतं आणि तो लिहितो : ‘पहिलं पाऊल उशिरा पडतं. निर्णयक्षमता शंकास्पद.’ एकदा हा शेरा लिहिताना चहावाला बाजूला उभा होता. साखरेचा की बिनसाखरेचा हे राजकुमारचं ठरेना, तेव्हा तो बिचारा चहा न देताच निघून गेला.

पार्श्वभूमी (कौटुंबिक)

राजकुमारचे वडील शामराव दुर्ग लाइनवर मालगाडीचे ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. चढावर मालगाडी दमली की तिला मागून रेटायला एक जादा इंजिन लावतात. रेल्वेत त्या इंजिनाला बँकर म्हणतात. त्यामुळे पोराने “बाबा, मी लाइनबॅकर तपासतो” असं सांगितल्यावर शामरावांचे डोळे भरून आले. लाइनचे बँकर! पोरगं शेवटी रेल्वेतच लागलं. त्यांनी ही बातमी ओळखीच्या सगळ्यांना याच स्वरूपात दिली.

ती भिलाईतच कॅम्प-1ला राहणाऱ्या चंपतरावांपर्यंत पोचली. ते स्टील प्लांटमधले. त्यांना बँकर म्हणजे बँकेतला माणूस एवढंच ठाऊक. अशा रीतीने एक शब्द दुर्गहून इंजिन म्हणून सुटला आणि कॅम्प-1ला बँक म्हणून पोचला. चंपतरावांनी आपल्या मुलीसाठी, निशासाठी, निरोप धाडला.

दोन्ही चुका राजकुमारला माहीत होत्या. आधी कोणती दुरुस्त करावी, हे ठरवण्यात वेळ गेला.

गप्प राहण्याचं खरं कारण वेगळं होतं. निशाला त्याने एका लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं. धक्काबुक्कीतून गरम वरणाचं भांडं घेऊन ती सरळ निघाली, कोणाच्या अंगावर थेंब सांडला नाही. त्या दिवशी राजकुमारला शेरा सुचला नाही. असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि ते त्याला गमावायचं नव्हतं.

प्रत्यक्ष पाहणी

रविवारी शामराव, तुळसाबाई आणि राजकुमार चंपतरावांच्या घरी गेले.

“मंग, कोणत्या ब्रँचले हायेत जी?” चंपतरावांनी विचारलं.

राजकुमारने तोंड उघडलं. पहिलं पाऊल उशिरा पडलं.

“ब्रँच नाई, भाऊ,” शामराव म्हणाले. “मेन लाइन.”

“वा! अन् वर चढाले किती टाइम लागते?”

“ते चढावावर हाय. मागून रेटणारा दमदार पाह्यजे.”

चंपतरावांनी मान डोलावली. बँकेतही वशिला लागतो, हे त्यांना पटण्यासारखं होतं.

निशा पोहे घेऊन आली. तुळसाबाई मुलाच्या कानाशी झुकल्या. “रंग दबला हाय.” राजकुमारने सवयीने मान हलवली. (मान हलवणे हा मूल्यमापकाचा व्यावसायिक आजार आहे. खांदे, पाऊल, रंग, काहीही सांगा, ती हलते.)

निशा समोर बसली. “बँकेत नेमकं कोणतं काम करता तुमी?”

ती थेट अंगावर आली होती. बाजूला व्हायला जागा नव्हती.

“बँकेत नाई,” राजकुमार म्हणाला. “रेल्वेतबी नाई.”

शामरावांचा घास हातातच राहिला. राजकुमारने मग सगळं सांगितलं : अमेरिका, चेंडू, धडक, शेरा.

“म्हणजे,” चंपतराव सावकाश म्हणाले, “लोकाईच्या पोराईच्या मारामाऱ्या पाहून राहिले तुमी?”

“हाव जी.”

“अन् थे नोकरी हाय?”

“हाव.”

चंपतराव उठून उभे राहिले. आता हे हाकलणार, असं राजकुमारला वाटलं. ते त्याच्या शेजारी येऊन बसले. “दाखवा.”

सामुदायिक मूल्यमापन

मोबाइलवर अमेरिकेच्या आयोवा राज्यातला एक पोरगा धावत आला आणि त्याने समोरच्याला उचलून आपटलं. सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरे बाप!’ निघालं. भिलाईत इतकं एकमत झालेलं ऐकिवात नाही.

“अंगापिंडानं भरला हाय,” तुळसाबाई म्हणाल्या. “मांडी घालून जेवता नसंन येत, पण ठीक हाय.”

“बाप का करते त्याचा?” चंपतराव.

“मक्याची शेती.”

“किती एकर?”

“याले म्हणते बँकर!” शामरावांना कंठ फुटला. “पाहा, कसा रेटून राहिला!”

“पाऊल उशिरा पडलं पण त्याचं,” राजकुमार म्हणाला.

“चूप बसा जी,” चंपतराव म्हणाले. “तुमचं तर पडलंच नाई अजून.”

थोड्याच वेळात आयोवातला मुलगा दोन्ही पक्षांना पसंत पडला. उंची, खांदे, शेती या कसोट्यांवर तो राजकुमारहून सरस असल्याचं आढळून आलं. (तुळसाबाईंचं मतही मुलाच्या विरोधात गेलं. निःपक्षपातीपणा याला म्हणतात.)

उमेदवाराचे प्रश्न

“ज्याले घेत नाई,” निशाने विचारलं, “त्याले सांगता का, कावून नाई घेतलं ते?”

सगळ्यांनी मोबाइलवरून मान वर केली. ती तिथेच होती.

“नाई,” राजकुमार म्हणाला. “शेरा संघाले जाते. पोराले फक्त फोन येत नाई.”

“मलेबी तसंच होते. येतात, पाहून जातात. पोहे खातात. मंग फोन येत नाई.”

“निशे...” चंपतराव.

“थांबा जी बाबा. याईचं तर कामच हाय शेरा माराचं.” ती राजकुमारकडे वळली. “तुमच्या घरून ‘नाई’ आलं, तर कावून येईन? आताच सांगा. तोंडावर.”

राजकुमार लाल झाला. त्याने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. आडोशाला गाय नव्हती.

“आई म्हणाली, रंग दबला हाय,” तो म्हणाला. “अन् मी मान हलवली.”

हे पाऊल वेळेवर पडलं. त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच.

“पोह्याचा!” तुळसाबाई ओरडल्या. “पोह्याचा रंग म्हटला मी! हळद कमी पडली ना!”

चंपतरावांनी खरंच बशीत वाकून पाहिलं. पोहे पिवळेधमक होते.

निशा हसली. मग हसायची थांबली. “चला. इतक्या लोकांतून एकाचा तरी शेरा हाती आला.”

“मंग तुमचं...” राजकुमारने बशी खाली ठेवली. “फोन करान ना?”

“करीन. हो असंन तरी करीन, नाई असंन तरी करीन. अन् कावून, थे सांगीन.”

निष्कर्ष

फोन अजून आलेला नाही. राजकुमार सुपेल्याला बसून व्हिडिओ पाहतो, पण ‘चक्’ म्हणत नाही. वरिष्ठांच्या मते त्याच्या कामाचा दर्जा घसरला आहे.

निशाने काय उत्तर द्यावं, याबद्दल वाचकांचं मत एव्हाना झालेलं असेलच. पोरगा खरं बोलला म्हणून काहींनी त्याला पास केलं असेल, मान हलवली म्हणून काहींनी नापास केलं असेल. आयोवातल्या पोराच्या बापाचं शेत किती एकर, याचीही काहींना उत्सुकता राहिली असेल. फक्त निशा काय शिकली, दिवसभर कुठे काम करते, तिला स्वतःला काय हवं आहे, यातलं अक्षरही इथे आलेलं नाही, आणि इथपर्यंत वाचताना आपल्यापैकी एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही. तिचा रंग कसा आहे, ते मात्र आपल्याला पक्कं माहीत आहे.